लाभार्थीचा रकाना

नाशिकच्या मॅडम आमच्या गावात शाखा काढायला आल्या, त्या दिवशी मी उजवा हात पदराखाली धरून बसले होते. मूठ मिटत नव्हती. गावाला एवढंच माहीत, की कलाबाईचा हात मोडला होता आणि आता बरा झालाय. बरा झालाय हे मीच सांगत फिरत होते.

बसायला कारभारीच्या बंगल्याची पडवी. कारभारी माझ्या चुलत दिराचा मुलगा. नांदूरखडीत सगळ्यात जास्त टोमॅटो त्याचा. भादवा लागला की गावातल्या झाडून सगळ्या बाया त्याच्याच वावरात. त्याची बायको मोहिनी त्या दिवशी कडक इस्त्रीची साडी नेसून मॅडमच्या मांडीला मांडी लावून बसली होती. आम्ही बाकीच्या खाली सतरंजीवर.

मॅडमचं नाव तेजस्विनी. बोलायला गोड. नाशकात त्यांचा सेवासंगम नावाचा क्लब आहे. चांगल्या घरच्या बाया महिन्याला जमतात आणि लोकांची सेवा करतात. आता त्यांना गावोगाव शाखा काढायच्या होत्या.

"वीस सभासद लागतात," मॅडम म्हणाल्या. "नुसती नावं नाही चालत हं. पहिल्या बैठकीला वीसच्या वीस हजर पाहिजेत. त्याच दिवशी एक उपक्रम करायचा. म्हणजे गावातल्या कोणाच्या तरी उपयोगाचं काम. मग हा फॉर्म भरायचा. शाखेचं नाव, अध्यक्ष, उपक्रम, लाभार्थी."

"नाव नांदूरखडी शाखा," मोहिनीनं पाठच करून ठेवलं होतं. "अध्यक्ष कोण ते तुम्ही ठरवा बाई, मी आपली घरची जागा देते." आणि पदर सारखा केला.

तेवढ्यात तिची लेक तेजल चहाचा ट्रे घेऊन आली. पन्नास वर्षांची सवय, मी उजवा हात पुढं केला. कप बोटांतून निसटला. चहा माझ्या मांडीवर, कपाचा कान तुटून मॅडमच्या पायाशी. भाजलं, मी डाव्या हातानं मांडी झटकली.

सगळ्यांनी हात पाहिला. मनगट वाकडं, बोटं अर्धी उघडी.

"अगं बाई," मोहिनी म्हणाली, आणि मॅडमकडं वळली. "मॅडम, आपला उपक्रम ठरला बघा. गरजू बायांना साडीवाटप. ह्या आमच्या काकू. काका जाऊन आठ वर्षं झाली, हात असा, सून बाळंतपणाला वणीला माहेरी. झेंडूत गवत गुडघ्याच्या वर गेलंय, रस्त्यावरून दिसतं. लाभार्थीत पहिलं नाव यांचंच घाला. फोटो पण चांगला येईल."

मॅडम उठून माझ्याजवळ आल्या. माझा तो हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "आजी, काळजी करू नका. आम्ही आहोत ना."

मी हात काढून घेतला.

"मोहिनी," मी म्हणाले, "तुझी साडी तुझ्या कपाटात राहू दे. तू लग्न होऊन आलीस तेव्हा तुला चुलीपुढं बसता येत नव्हतं. तुझी पहिली भाकरी मी थापली आन् तुझ्या सासूला सांगितलं की सुनेनं केली. तेव्हा मी तुला लाभार्थी म्हन्ले नाय."

बायांनी तोंडाला पदर लावले. मोहिनीचा चेहरा उतरला, पण जीभ नाही उतरली.

"काकू, मदतीचं बोलले त्यात राग कशाला?"

"राग नाय. मॅडम, मला एक सांगा. शाखेला वीस बाया लागतात. बंगला लागतो का?"

मॅडम गडबडल्या. "नाही. बंगल्याचं असं काही नाही."

"मंग शनिवारी या. मी वीस उभ्या करते."

"काकू, तुम्हाला खुरपं धरता येईना," मोहिनी म्हणाली, "आन् शाखा धरता व्हय?"

आता बाया उघड हसल्या. मॅडमनं वहीत काहीतरी लिहिलं. म्हणाल्या, "गावात शाखा एकच देता येते. ज्यांच्या वीस हजर असतील त्यांची. शनिवारी सकाळी मी येते. पण आजी, उपक्रम काय करणार तुम्ही?"

डोक्यात काहीच नव्हतं. तोंड पुढं गेलं.

"निंदणी," मी म्हणाले.

घरी येताना गुलजारबी सोबत होती. तिचं वावर आणि माझं वावर, मध्ये एक बांध. तिचा नवरा बद्रुद्दीन गाद्या भरतो, ती आणि तिची सून माहेनूर दीड एकर बघतात. आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात नांदायला आलो. तिचा डावा गुडघा जुना दुखणेकरी, त्यामुळं ती चालते ती झोका घेत.

"गवत खुरपायची निंदणी ही काय सेवा झाली?" ती म्हणाली. "त्या मॅडमला वाटलं तू निंदा करून राह्यली."

"सावड आठवती का तुला?"

"का नाय आठवणार?"

आमच्या तरुणपणी गावात रोजंदारी घेऊन निंदायला कोणी जात नव्हतं. आज तुझ्या वावरात दहा बाया, उद्या माझ्या. कोणी बाळंतीण असली, कोणाच्या घरी मयत झालं, तर तिच्या वावरात आधी. मग गावात टोमॅटो आला, रोजाचे पैसे आले, आणि सावड कधी मोडली ते कोणाला कळलंही नाही.

"ज्या घरी हात थांबला, त्या घरी निंदायचं," मी म्हणाले. "त्या घरी साडी देऊन काय करायचं? गवत साडीला भीत नाय."

"मंग पहिलं कोणाचं?"

"हौसाबाईचं. तिचा मालक चिमाजी दहा दिस झाले नाशकात दवाखान्यात पडलाय. तिचं कांद्याचं रोप गवतानं दाबून टाकलंय."

गुलजारबी चालता चालता थांबली. माझ्या वावराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आन् हे?"

"हे माझं मी बघते."

तिनं गुडघा चोळला आणि चालायला लागली.

वीस गुंठे झेंडू. आषाढ सरता लावलेला, दसऱ्याला काढायचा. तीस दसरे मी नाशकाच्या फुलबाजारात बसलेय, एकही चुकवला नाही. नवरा गेला त्या वर्षीही बसले. यंदा लागवड झाली आणि चौथ्या दिवशी मी गोठ्यात शेणावर घसरले. सिन्नरच्या डॉक्टरनं प्लॅस्टर घातलं, सहा आठवडे म्हणाला. चार आठवड्यांनी आत खाज सुटली, वर पाऊस, बाहेर गवत वाढताना दिसतंय. एका दुपारी मी विळा घेतला आणि प्लॅस्टर कापून टाकलं. हाड वाकडं बसलं. यात कोणाचा दोष नाही, माझा आहे. पण तो मी मोहिनीच्या पडवीत कशाला सांगू?

राकेश, माझा मुलगा, सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला. सकाळच्या जीपनं जातो, संध्याकाळी येतो तो गळून. त्या संध्याकाळी तो बांधावर उभा राहिला. केना, घोळ, लव्हाळा, सगळ्या गवतांचं राज्य होतं. झेंडूची रोपं मध्येच कुठंतरी मान वर काढून उभी.

"आई, बाया मिळणार नायत," तो म्हणाला. "कारभारीचा टोमॅटो चालूय तोवर एक बाई सुटायची नाय. आठ दिसात कळी धरंल. तोपर्यंत गवत निघालं नाय तर फुल बोराएवढं होईल. रविवारी मला सुट्टी हाय. ट्रॅक्टर सांगतो. रोटर फिरवून टाकू. हरभरा तरी होईल."

"माझ्या झेंडूत रोटर?"

"मंग काय करू? तू सांग."

"रविवार अजून लांब हाय."

"आई, आज बुधवार हाय."

तो आत गेल्यावर मी खुरपं घेतलं. उजव्या हातानं धरलं, दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा खुरपं मातीत राहिलं आणि हात वर आला. डाव्या हातात घेतलं. डावा हात आयुष्यभर फक्त गवत धरायचं काम करत आलेला. खुरपं चालवायचं त्याला माहीतच नाही. अर्ध्या तासात मी एका रोपाचं मूळ तोडलं आणि दोन हात जागा साफ केली. मग अंधारून आलं.

एक सांगायचं राहिलं. निंदायला बाया ओळीनं बसतात. जिच्या वाट्याला जी पट्टी येते ती तिची पात. सगळ्यांनी एका दमात सुरू करायचं आणि पार पलीकडच्या बांधाला लागायचं. जी आधी पोहोचते ती बसून राहत नाही. ती वळते आणि जी मागं पडलीय तिची पात दुसऱ्या टोकाकडून धरते, निंदत निंदत तिला सामोरी येते. मागं पडलेलीला कोणी काही बोलायचं नाही. तिनंही आभार मानायचे नाहीत. दोघींची खुरपी समोरासमोर आली की उठायचं, झालं.

मी कायम पहिली पोहोचायचे. सगळ्या गावच्या पातींना मी सामोरी गेलेय. गुलजारबीच्या तर किती वेळा, मोजदाद नाही. माझ्या पातीवर समोरून कधी कोणी आलं नव्हतं. ते मला ठाऊक होतं आणि गावाला ठाऊक होतं.

गुरुवारी आम्ही दोघी नावं गोळा करायला निघालो. माहेनूर बारावी झालेली, ती वही घेऊन मागं.

हौसाबाईला वाटलं मी मजेनं बोलतेय.

"माझ्या रोपात? आन् मी काय देऊ तुमाला?"

"चहा दे. गुळाचा दे, साखर नको घालू. आन् उद्या माझी नाय तर हिची गरज पडली तर खुरपं घेऊन ये."

"लिही गं माझं नाव," ती माहेनूरला म्हणाली, आणि डोळे पुसायच्या आधी नाक पुसलं.

पाझर तलावाजवळच्या वस्तीत बाया टोमॅटोचे डाग साबणानं घासत होत्या. हाताला हिरवा-काळा थर बसतो, तो निघत नाही. त्यांना मी शाखेचं सांगितलं.

"शाखा म्हंजी बँकेची का?" फशाबाईनं विचारलं.

"बँकेची असती तर कलाबाई आपल्या दारात आली असती का?" दुसरी म्हणाली.

"काय मिळतं तिथं?"

"काय मिळत नाय," मी म्हणाले. "उलट तीन तास जातील तुमचे."

"मंग कशाला यायचं?"

"मोहिनीच्या शाखेत जा मंग. तिथं साडी भेटंल. साडी घ्यायची, फोटो काढायचा, आन् तो फोटो ती बंगल्यात टांगंल. तुमी रोज तिच्या दारावरून टोमॅटोचे कॅरेट घेऊन जाल तेव्हा स्वतःचंच तोंड बघाल, साडीसाठी हात पसरलेलं."

फशाबाई हसली नाही. तिनं हात झटकले.

"शनिवारी टोमॅटोचा तोडा नसतो. येते मी. पर कलाबाई, बसून भाषण ऐकायचं असंल तर नको. नुसतं बसलं की मला झोप लागती."

संध्याकाळपर्यंत वीस नावं झाली. गुलजारबी आणि माहेनूर धरून. एकीनं हळूच विचारलं, पिंजाऱ्याच्या बाया पण शाखेत का? मी म्हटलं, तुझ्या लेकीच्या रुखवताची गादी बद्रुद्दीननं भरली तेव्हा तू त्याला हे विचारलंस का? तिनं सही केली, तीही पूर्ण नावानं.

शुक्रवारी दुपारी मोहिनीनं निरोप फिरवला. शनिवारी तोडा धरलाय. नऊ वाजता वावरात. जी उशिरा येईल तिनं सोमवारपासून यायचं नाही.

हौसाबाई धावत माझ्याकडं आली. "आता कसं?"

"नऊ वाजता ना? आपण सहाला सुरू करू. मॅडमला माहेनूर फोन करंल. सात वाजता तुझ्या वावरात या म्हणावं. साडेआठला सगळ्या मोकळ्या."

"येतील का गं पहाटंच्या? पुढं दिवसभर टोमॅटोत वाकायचं असतं."

"न यायला काय झालं?" मी म्हणाले. पण ती गेल्यावर मी ओट्यावर बराच वेळ बसून राहिले.

शनिवारी उजाडता उजाडता मी निघाले. खुरपं डाव्या हातात. तळहाताला फडकं गुंडाळलेलं, कारण दोन दिवसांच्या सरावानं फोड आले होते. दव पडलं होतं, पायाला गवत गार लागत होतं. हौसाबाईचं वावर गावाच्या त्या अंगाला, ओढा ओलांडून.

तिथं कोणी नव्हतं.

कांद्याचं रोप स्वच्छ होतं. वाफ्यात गवताची काडी नाही. उपटलेलं गवत बांधावर ढिगानं पडलेलं, कालचं, कोमेजलेलं. मी बांधावर बसले. सहा वाजून गेले. रस्त्यानं दुधाची गाडी गेली. ओढ्याकडून एक बाई येताना दिसली म्हणून मी उठले, तर ती डबा घेऊन निघालेली.

म्हटलं, झालं. हौसानं आपलं आपण उरकलं, आणि बाया टोमॅटोला घाबरल्या. आता सातला मॅडम येतील. वीस बाया कुठायत म्हणतील. मी साफ वाफ्यात एकटी उभी, डाव्या हातात खुरपं धरून. मोहिनी सोबत असणारच, ती असला मोका सोडणारी नाही. आणि उद्या रविवार. रोटर.

मॅडमला परस्पर रस्त्यातच गाठावं आणि काय ते सांगून टाकावं, असं ठरवून मी परत फिरले. चालताना तोंडातल्या तोंडात एकेकीचा उद्धार केला. फशाबाईचा केला, हौसाचा केला, गुलजारबीचा सगळ्यात जास्त. तिनं तरी सांगायचं होतं.

वडाच्या वळणावरून माझं वावर दिसतं. मी मान खाली घालून चालत होते. बोलण्याचा आवाज आला म्हणून वर बघितलं.

झेंडूत बाया होत्या. हिरव्यात लाल, निळे, पिवळे पदर डोक्याला बांधलेले. ओळ धरून बसलेल्या, आणि ओळ बांधापासून चांगली पंधरा-वीस पावलं पुढं सरकलेली. मागं काळी जमीन उघडी पडली होती. झेंडूची रोपं तिच्यात सुटी उभी होती, नुकती न्हाऊ घातल्यासारखी.

मी बांधावर पोहोचले तेव्हा माझा श्वास लागला होता आणि डोकं तापलं होतं.

"कोणी सांगितलं तुमाला इथं यायला?"

कोणी मान वर केली नाही. खुरप्यांचा आवाज तेवढा चालू.

"हौसा! तुझ्या वावरात ठरलं होतं ना?"

"माझं काल सांजच्याला आमी तिघींनी उरकलं," हौसाबाई खालूनच म्हणाली. "गुलजारबी, माहेनूर आन् मी. आज तुझं."

"माझं मी बघते म्हन्लं होतं!"

"बघितलं की," फशाबाई म्हणाली. "लांबून दिसत होतं तू काय बघतीस ते. या घोळाची भाजी करून अख्खं गाव जेवंल."

हसू पार शेवटच्या पातीपर्यंत गेलं.

"उठा," मी म्हणाले. "मला कोणाची लाभार्थी व्हायचं नाय. उठा सगळ्या."

गुलजारबी माझ्या बाजूला होती. गुडघ्यामुळं तिला उकिडवं बसवत नाही, ती डावा पाय लांब करून बसते. तिनं गवताची मूठ मागं टाकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "कलाबाई, माझ्या पातीवर तू किती वेळा समोरून आलीस?"

"त्याचं आता काय?"

"मी तुला एकदा तरी उठ म्हन्ले का? मला काय लाज नव्हती व्हय गं? तीस वर्ष मी गप बसून घेतलं. आज तू घे." मग खुरप्यानं शेजारची मोकळी जागा दाखवली. "तुझी पात ठिवलीय. बांधालगतची. बस."

एकोणीस बाया निंदत होत्या आणि एक पात बांधापासून तशीच होती. मला बसल्यावाचून दुसरं काही करता येईना. मी बसले. डाव्या हातानं सुरू केलं. दोन रोपं होईपर्यंत बाकीच्या चार रोपं पुढं.

सात वाजता पांढरी मोटार आली. मॅडम उतरल्या, सोबत कॅमेरावाला, हातात गुंडाळलेला बॅनर. आधी त्या ओढ्याकडं जाऊन आल्या होत्या. मागच्या सीटवरून मोहिनी उतरली. आमच्या शाखेचा निकाल बघायला ती मॅडमच्याच गाडीतून आली होती.

"आजी, बैठक कुठं आहे?" मॅडमनं विचारलं.

"हीच बैठक."

"पण... सगळ्या उभ्या राहता का? हजेरी घ्यायचीय. बॅनरही लावू मागं."

"पात अर्धी टाकून उठत नायत, मॅडम. नाव घ्या, जी असंल ती खुरपं वर करंल."

मॅडमनं जरा इकडंतिकडं बघितलं. मग चपला काढून हातात घेतल्या आणि बांधावरून नावं वाचत चालायला लागल्या. एकेक खुरपं हिरव्यातून वर आलं. कोणी "हाय" म्हणालं, कोणी "हौ," कोणी "इथंच मेले बाई." माहेनूरनं "हजर मॅडम" म्हटलं, शाळेतल्यासारखं. फशाबाईनं खुरपं वर केलं तर त्याला लव्हाळ्याची गाठ लोंबत होती. वीस. मोहिनीनं बोटांवर परत मोजले. वीसच.

मॅडम खूश झाल्या. बोनेटवर फॉर्म ठेवून लिहायला लागल्या.

"शाखा नांदूरखडी. सभासद वीस. उपक्रम... काय लिहू? श्रमदान?"

"निंदणी लिहा," फशाबाई ओरडली. "कळंल सगळ्यांना."

"बरं, निंदणी. अध्यक्ष?"

"कलाबाई," चार-पाच जणी एकदम.

"आणि लाभार्थी?"

खुरप्यांचा आवाज कमी झाला. हा रकाना सगळ्यांना माहीत होता. बंगल्याच्या पडवीत यातल्या निम्म्या होत्या.

"माझं लिहा," हौसाबाई म्हणाली. "हौसाबाई चिमाजी. मालक दवाखान्यात हायत माझे."

मॅडम लिहायला वाकल्या. मोहिनी पुढं झाली.

"मॅडम, वावर तर काकूंचं हाय. खोटं कशाला लिहायचं? फॉर्मवर खोटं लिहून शाखा चालती का?"

हौसाबाई म्हणाली, "तू गप गं." पण आवाजात जोर नव्हता. मोहिनी खरं बोलत होती. त्या सकाळी ती एकटीच खरं बोलत होती.

मी खाली बघितलं. समोर माझी पात, हातभर साफ आणि पुढं रान. डाव्या हाताच्या फडक्यातून पाणी झिरपत होतं. गप राहिले असते तर हौसाचं नाव पडलं असतं. कोणी मला काही म्हटलं नसतं, कधीच. बायांनी त्यासाठीच तर मान वर केली नव्हती.

मी तिथूनच बोलले, उठले नाही.

"हौसा, तुझं नाव काढ. मॅडम, लाभार्थी कलाबाई लिहा."

मॅडमनं माझ्याकडं बघितलं. "आजी, अध्यक्षही तुम्हीच, आणि लाभार्थीही?"

"चालत नाय का?"

"तसं नाही... आतापर्यंत कोणी असं लिहिलं नाही."

"मंग पहिल्यांदा लिहा. वर अध्यक्ष कलाबाई, खाली लाभार्थी कलाबाई. एकाच कागदावर, एकाच अक्षरात. आन् पुढच्या वेळी हौसा असंल, नाय तर फशाबाई. या शाखेत जी मागं पडंल ती लाभार्थी. मागं पडल्यावर कोणाचं तोंड बघायचं नाय, फोटो काढायचा नाय, साडी द्यायची नाय. एवढं लिहायला त्या रकान्यात जागा नसंल तर पाठीमागं लिहा." मग मी उजवा हात वर केला, पदर बाजूला सारून, मोहिनीला दिसेल असा. "बघ. मिटत नाय. प्लॅस्टर मीच कापलं, विळ्यानं. बघून घे चांगला, परत बघायला पैसे घेईन."

फशाबाई अशी हसली की तिला ठसका लागला.

मोहिनी लाल झाली. "मी काय वाईट बोलले?"

"नाय. खरं बोललीस. म्हणून सांगते, एकविसावी जागा मोकळी हाय. तुझा टोमॅटो कधी करप्यानं बसला तर येऊ आमी, बोलवायची वाट न बघता. फक्त येताना खुरपं आण. इस्त्रीची साडी नको."

ती मोटारीकडं गेली. दार आपटलं, पण मोटार तिची नव्हती, त्यामुळं मॅडम येईपर्यंत तिला आत बसून राहावं लागलं.

कॅमेरावाल्यानं विचारलं, "मॅडम, फोटो?"

मॅडम काहीतरी विचार करत होत्या. "पाठमोराच घे," त्या म्हणाल्या. "बॅनर राहू दे."

साडेआठ वाजत आले. पलीकडच्या बांधाला एकेक बाई लागत होती. फशाबाई पहिली. ती वळली आणि हौसाची पात धरली. माहेनूर पोहोचली, वळली. नऊला टोमॅटोवर पोहोचायचं होतं, पण घाईनं कोणी मूळ ठेवून गवत तोडत नव्हतं. एवढं मला बसल्या जागेवरून दिसत होतं.

मी अर्ध्यावर पण नव्हते. घाम डोळ्यात जात होता. डाव्या हातानं पुसला तर खुरपं थांबायचं, उजव्यानं पुसला तर मनगटात कळ यायची. म्हणून तसाच जाऊ दिला. राकेश रात्रपाळीच्या माणसाला सोडवायला आज लवकर गेला होता, त्यानं यातलं काही पाहिलं नव्हतं. संध्याकाळी येईल तेव्हा बघेल. ट्रॅक्टरवाल्याला नाही म्हणून सांग, एवढंच मी त्याला सांगणार होते.

मग समोरून खुरप्याचा आवाज आला. माझ्याच पातीत, त्या टोकाकडून.

मला बघायचं नव्हतं. ही रीत मीच पाळत आले होते, सामोरी जाताना मागं पडलेलीकडं कधी बघितलं नव्हतं. पण पाय ओढायचा आवाज मी ओळखते. थोडं निंदायचं, मग डावा पाय हातानं उचलून पुढं ठेवायचा, मग परत निंदायचं. खर्र, खर्र, आणि एक कण्ह. ती आज कितवी पोहोचली होती बांधाला, मला माहीत नाही. मधली होती की शेवटून दुसरी. शेवटची नव्हती. शेवटची मी होते.

मी हात चालू ठेवला. दोन रोपं केली, तिसरं केलं. गवत पातळ होत गेलं आणि पलीकडची काळी माती दिसायला लागली. शेवटी आमच्यामध्ये एकच झेंडूचं रोप राहिलं. त्याला दोन कळ्या धरलेल्या, मुगाएवढ्या. तिनं तिकडून त्याच्या बुडातला केना काढला, मी इकडून घोळ काढली. खुरप्याला खुरपं लागलं.

आभार मानायचे नसतात. मी मानले नाहीत.

"लय वेळ लावलास," मी म्हणाले.

"व्हय," गुलजारबी म्हणाली. "गुडघा हाय माझा. तुझ्यासारखं उडता येतं का?" मग तिनं मला हात पुढं केला, उठायला. मी उजवाच दिला, वाकडा. तिनं मनगटाच्या वर, कोपराजवळ धरलं, जिथं दुखत नाही तिथं, आणि दोघी एकमेकींना ओढत कण्हत उठलो.